बंदुकीवर रात्रीची दुर्बीण चढवण्याआधी : विदर्भातल्या शेतकऱ्यानं तपासायच्या गोष्टी

दिवाळी सरली, तूर फुलावर आली, हरभरा वीतभर वर आला की आमच्या गावात जागल सुरू होते. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं वावर टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत हरभऱ्याच्या पट्ट्याच्या पट्ट्या उकरून टाकतो, रोही (नीलगाई) तुरीचे शेंडे ओरबाडून जातात, आणि सकाळी धुऱ्यावर उभं राहून माणूस नुसता बघत राहतो. हा राग मला ठाऊक आहे. त्यामुळं पुतण्यानं मोबाइलवरून बंदुकीवर बसवायची रात्रीची दुर्बीण मागवली तेव्हा मी त्याला लगेच बोल लावला नाही. घरात भाऊंच्या, म्हणजे त्याच्या वडलांच्या नावावर बारा बोअरची बंदूक आहे. "काका, परवाना तर हाये ना आपल्यापाशी, मंग भेव कायचं?" हा त्याचा प्रश्न होता.

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला दोन महिने लागले. कायद्याची पुस्तकं वाचली, तहसील, जिल्हा कचेरी आणि वनखात्याच्या पायऱ्या झिजवल्या. जे हाती लागलं ते इथं क्रमानं मांडतो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. बंदुकीचा परवाना हा बंदूक जवळ बाळगण्याचा परवाना असतो. त्यावर रात्री जनावर मारता येत नाही, आणि बंदुकीवर मनाला येईल ते साधनही चढवता येत नाही. या तीन वेगवेगळ्या परवानग्या आहेत, देणारेही वेगळे आहेत, आणि एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

पायरी १ : परवान्याची वही उघडा आणि नीट वाचा

आमच्या भाऊंची वही कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली होती. वीस वर्षांत ती नूतनीकरणापुरतीच बाहेर निघाली असेल. मी ती दिव्याखाली धरून पहिल्यांदा पूर्ण वाचली. तुम्हीही वाचा, आणि चार गोष्टी शोधा : परवाना कुणाच्या नावावर आहे, शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक काय, कारण कोणतं लिहिलं आहे (स्वसंरक्षण की पीक संरक्षण), आणि मुदत कधी संपते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे आणि एका माणसाला जास्तीत जास्त २ बंदुका ठेवता येतात. पूर्वी ३ चालत असत. कुणाच्या घरी वाडवडलांपासूनची तिसरी बंदूक अजून पडून असेल तर दुर्बिणीच्या आधी त्या बंदुकीचं काय करायचं ते पाहा.

शेतकऱ्याला साधारण कोणतं शस्त्र मिळतं हेही यात कळतं. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये दोन प्रकारांचा खास उल्लेख आहे : संरक्षणासाठी वा खेळासाठी २० इंचांपेक्षा कमी लांबी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, जिला आपल्याकडं भरमार म्हणतात. या दोन्ही जवळून मारायच्या बंदुका आहेत. बारा बोअरमधून एलजी किंवा एसजीचं, म्हणजे मोठ्या छऱ्यांचं, काडतूस झाडलं तर तीस-चाळीस मीटरच्या पलीकडं छरे इतके फाकतात की नेम धरण्याला अर्थ उरत नाही. शंभर-दोनशे मीटरवरचं जनावर दाखवणारी दुर्बीण अशा बंदुकीवर बसवून काय मिळणार, हा प्रश्न मी पुतण्याला विचारला तेव्हा तो गप्प झाला. दूरचं दिसलं की हात घोड्याकडं जातो. जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं, आणि जखमी डुक्कर सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईवर चालून जातं.

आणखी एक, आणि हे घराघरांत चुकतं. परवाना भाऊंच्या नावावर असेल तर जागलीला बंदूक घेऊन पुतण्या एकटा जाऊ शकत नाही. कलम ३ मध्ये सवलत आहे ती एवढीच : परवानाधारकाच्या हजेरीत, किंवा त्याच्या लेखी अधिकारानं, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी दुसऱ्यानं बंदूक नेणं. स्वतः वापरणं त्यात बसत नाही. परवानाधारक वारला असेल तर कलम २१ प्रमाणे बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करून पावती घ्यायची असते. वडील जाऊन तीन वर्षं झाली आणि बंदूक अजून माळ्यावर आहे, असं असेल तर ती बिनपरवाना बंदूक झाली. तिच्यासाठी कलम २५ मध्ये २ ते ५ वर्षांची कैद आहे.

पायरी २ : खोक्यातली वस्तू नेमकी कोणती ते ओळखा

'नाईट व्हिजन' या एकाच नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात. पहिली, प्रकाश वाढवणाऱ्या नळीची. ती चांदण्याचा मंद उजेड हजारो पटींनी वाढवून हिरवट चित्र दाखवते. सैन्यात वापरतात ती साधारण ही. दुसरी डिजिटल. आत कॅमेऱ्याचा सेन्सर आणि सोबत अवरक्त किरणांचा दिवा, बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा. ८५० च्या दिव्याची बारीक लाल ठिणगी समोरून दिसते, ९४० ची दिसत नाही पण तिचा पल्ला कमी असतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतात त्या जवळपास सगळ्या याच. तिसरी उष्णता टिपणारी, म्हणजे थर्मल. तिला उजेड लागतच नाही. अंगाची ऊब पांढरी आणि थंड जमीन काळी दिसते.

त्याहून महत्त्वाचा फरक म्हणजे ती हातात धरून पाहायची आहे की बंदुकीवर बसवायची. खालच्या बाजूला बंदुकीच्या पट्टीवर अडकवायचा चिमटा असेल, आत नेम धरण्याची फुली दिसत असेल, तर तिला बंदुकीची दुर्बीणच म्हणतील. तुम्ही ती नुसती रोही मोजायला आणली असं सांगून भागणार नाही.

आता कायद्याच्या शब्दांकडं येऊ. शस्त्र अधिनियमात 'अग्निशस्त्र' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत बंदुकीचे सुटे भागही आहेत, आणि गोळीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडसाधनंही आहेत. म्हणजे सायलेन्सर हे स्वतःच अग्निशस्त्र आहे. बंदूक जवळ नसताना नुसता सायलेन्सर सापडला तरी गुन्हा होतो. हे इथं सांगायचं कारण असं की काही विक्रेते रात्रीच्या दुर्बिणीसोबत 'पूर्ण संच' म्हणून नळीच्या तोंडावर बसवायचा डबाही देतात. खोक्यात असा डबा असेल तर दुर्बिणीचा विचार बाजूला ठेवा आणि आधी वकील गाठा.

अधिनियमाच्या या मूळ व्याख्येत 'नाईट व्हिजन' हे शब्द लिहिलेले नाहीत. गावातल्या चहाच्या टपरीवर यावरूनच "कायद्यात नाही म्हणजे चालतं" असा निकाल लागतो. तो चुकीचा आहे. केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून कोणतंही शस्त्र प्रतिबंधित यादीत घालू शकतं, शस्त्र नियम २०१६ वेगळे आहेत, परवान्याला अटी असतात, आयातीचे नियम आहेत, आणि सगळ्यावर वन्यजीव कायदा आहे. एका व्याख्येत शब्द नाही म्हणून या बाकीच्या गोष्टी नाहीशा होत नाहीत.

पायरी ३ : विकत घेण्याआधी ती कुठून आली ते पाहा

स्वस्त दुर्बिणी बहुतेक परदेशी असतात. सीमाशुल्काच्या वर्गवारीत बंदुकीवर बसवायच्या दुर्बिणीचं शीर्ष ९०१३ आहे, आणि हातात धरायच्या जोड-दुर्बिणीचं ९००५. दोन्हींची आयात-नीती वेगळी वाचावी लागते. परदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, प्रत्येक क्रमांकापुढं माल मुक्त आहे की प्रतिबंधित ते लिहितं. प्रतिबंधित मालाला आधी परवाना लागतो. विक्रेत्याला बिलावर कोणता क्रमांक आहे ते विचारा. पार्सलवर 'खेळणं' किंवा 'कॅमेरा' असं लिहून पाठवतो म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. खोटं वर्णन करून आलेला माल सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम १११ प्रमाणे जप्त होतो आणि ११२ प्रमाणे दंड बसतो. दंड कुणावर? ज्याच्या नावानं पार्सल आलं त्याच्यावर. विक्रेता तोवर फोन उचलत नसतो.

पुतण्याच्या खोक्यात बिलच नव्हतं. ऑनलाइन दुकानाच्या पानावर चित्र दिसत होतं, वर्णनात 'पक्षी निरीक्षणासाठी' लिहिलं होतं, आणि खाली बंदुकीचा चिमटा जोडलेला. ग्राहकाला माहिती नसते आणि विकणारा तिचाच फायदा घेतो. बिल, क्रमांक, विक्रेत्याचं नाव-पत्ता, आणि आयातदाराचं नाव या चार गोष्टी कागदावर नसतील तर ऑर्डर रद्द करा.

पायरी ४ : बंदुकीला हात लावण्याआधी लेखी विचारा

यात माणसं सर्वात जास्त घाई करतात, म्हणून इथं जरा थांबतो. जुन्या दुनळीवर दुर्बीण बसवायला पट्टी नसते. मग कुणीतरी म्हणतं, आपला वेल्डिंगवाला दोन मिनिटांत पट्टी बसवून देतो. असं अजिबात करू नका. कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी करायला त्या माणसाकडं वेगळा परवाना लागतो. बिनपरवाना दुरुस्ती किंवा रूपांतर केलं तर कलम २५ मध्ये शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. तुमच्या एका हौसेपायी त्या गरीब वेल्डरचं घर बसेल.

योग्य वाट अशी. ग्रामीण भागात शस्त्र परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. नागपूर आणि अमरावती शहरांत पोलीस आयुक्त. त्यांच्या नावानं साधा अर्ज लिहा. आम्ही लिहिला तो मजकूर साधारण असा होता :

"मा. जिल्हादंडाधिकारी यांचे सेवेशी. विषय : परवानाधारक शस्त्रावर दुर्बीण बसवण्याबाबत लेखी मार्गदर्शन मिळणेबाबत. मी अमुक गावचा शेतकरी असून माझेकडे परवाना क्रमांक अमुक अन्वये १२ बोअरची बंदूक आहे. सदर शस्त्रावर रात्री पाहण्याची (डिजिटल / थर्मल) दुर्बीण बसवणे परवान्याच्या अटींमध्ये अनुज्ञेय आहे किंवा कसे, तसेच त्यासाठी परवान्यात नोंद आवश्यक आहे किंवा कसे, याबाबत लेखी कळवावे ही विनंती. सदर साधन अद्याप शस्त्रावर बसवलेले नाही. सोबत परवान्याची छायाप्रत व साधनाचे माहितीपत्रक जोडले आहे."

दोन प्रती करा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या, ती जपून ठेवा. खिडकीवरचा माणूस तोंडी "काही होत नाही, लावा" म्हणाला तर त्याचं मनावर घेऊ नका. तो मनानं चांगला असेल, पण उद्या फौजदारासमोर तो उभा राहणार नाही. महिनाभर उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली' एवढंच विचारा. त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. लेखी होकार हातात येईपर्यंत दुर्बीण बंदुकीच्या जवळपासही ठेवायची नाही. परवान्याची अट मोडली तर कलम ३० प्रमाणे ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम लहान वाटते, पण त्यामागून कलम १७ येतं : परवाना निलंबित होतो किंवा रद्दच होतो. वीस वर्षं जपलेली वही त्या दिवशी संपते.

छऱ्याच्या एअरगनचं काय, हे नेहमी विचारतात. ०.१७७ बोअरची, २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेली एअरगन परवान्याशिवाय ठेवता येते. त्याहून मोठी असेल तर परवाना लागतो. पण वन्यजीव कायद्याच्या नजरेत एअरगन आणि बारा बोअर यांत फरक नाही, आणि पुढची पायरी त्याचीच आहे.

पायरी ५ : वावर कुठं आहे ते नकाशावर पाहा

विदर्भात हे फार महत्त्वाचं. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा असे पाच व्याघ्र प्रकल्प इथं आहेत. शिवाय टिपेश्वर, पैनगंगा, ज्ञानगंगा, काटेपूर्णा, कारंजा-सोहोळ, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, घोडाझरी, चपराळा अशी अभयारण्यं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या प्रत्येक शस्त्र परवानाधारकानं आपलं नाव वनखात्याकडं नोंदवायचं असतं. त्याच पट्ट्यात नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. आमच्या भाऊंची अशी नोंद झालेलीच नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन अर्ज दिला, पोच घेतली. तुम्हीही उद्याच जा.

अभयारण्याच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाणं कलम ३१ मध्ये मना आहे. 'शस्त्र' या शब्दात या कायद्यानं फासे, जाळं, विष, धनुष्यबाण आणि जनावराला आमिष दाखवणारी, जखमी करणारी वा मारणारी सगळी साधनं घेतली आहेत. आपला पायवाटेचा रस्ता जंगलाच्या कोपऱ्यातून जात असेल तर बंदूक खांद्यावर टाकून त्या वाटेनं जागलीला जायचं नाही. लांबून फिरून जा.

पायरी ६ : जनावर मारण्याची परवानगी वेगळीच असते

'शिकार' या शब्दाची व्याख्या या कायद्यात रुंद आहे. मारणं, पकडणं, हाकणं, आमिष दाखवणं, आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न करणं म्हणजे शिकार. गोळी सुटलीच पाहिजे असं नाही. अंधारात मचाणावर भरलेली बंदूक, तिच्यावर रात्रीची दुर्बीण आणि समोर डुकराच्या वाटेवर टाकलेला मका, एवढं चित्र वनरक्षकाला दिसलं तर "मी नुसता राखण करत होतो" हे सिद्ध करता करता तुमची दोन वर्षं जातील.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर वाघ, बिबट, अस्वल, काळवीट अनुसूची १ मध्ये आहेत. रानडुक्कर आणि रोही अनुसूची २ मध्ये. कलम ११ प्रमाणे अनुसूची २ मधला प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोका ठरला असेल तर लेखी, कारण नोंदवलेल्या आदेशानं मारण्याची परवानगी मिळू शकते. आपल्याकडं डुक्कर आणि रोहीसाठी हा अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडं करतात. सोबत सातबारा, पीकपेरा, नुकसानीचे फोटो आणि शस्त्र परवान्याची प्रत जोडा. आदेश आला की पुन्हा प्रत्येक ओळ वाचा : कोणता प्राणी, कोणता गट क्रमांक, किती दिवस, कोणतं शस्त्र, रात्री की दिवसा. आदेशात रात्रीचा वापर किंवा दुर्बीण लिहिलेली नसेल तर ती तुम्हाला मिळालेली नाही. मेलेलं जनावर सरकारचं असतं. त्याचं मटण वाटलं की नवा गुन्हा झाला.

अंगावर आलेल्या जनावराला स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवायला मारलं तर तो गुन्हा नाही, हेही त्याच कलमात आहे. पण त्या वेळी तुम्ही दुसरा गुन्हा करत असाल, समजा परवानगीशिवाय शिकारीला बसला होता, तर हा बचाव मिळत नाही.

आदेश हातात असूनही रात्रीची गोळी किती महाग पडू शकते याचं उदाहरण आमच्याच जिल्ह्यात आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव भागात अवनी वाघीण मारली गेली. तिच्याबद्दलचा वनखात्याचा आदेश कोर्टात टिकलेला होता. तरीही कारवाई रात्री कशी झाली, नियम पाळले गेले का, यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणानं चौकशी लावली. सरकारी पथकाची जर ही गत, तर आदेशाशिवाय मचाणावर बसलेल्या शेतकऱ्याचं काय होईल?

शिक्षा अशी : साधारण गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूची १ मधला प्राणी असेल, किंवा अभयारण्यात शिकार असेल, तर किमान ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त केलेली बंदूक, गाडी, साधनं सरकारजमा होतात. कलम ५१ मध्ये आणखी एक ओळ आहे : दोषी ठरल्यावर कोर्ट शस्त्र परवाना रद्द करू शकतं आणि ५ वर्षं नवा परवाना देऊ नये असं सांगू शकतं.

त्या रात्री आम्हाला काय दिसलं

पुतण्याची दुर्बीण काय दाखवते ते पाहायला मी एका रात्री त्याच्यासोबत मचाणावर बसलो. बंदूक घरी कुलपात होती, दुर्बीण नुसती हातात. दहाच्या सुमारास तुरीच्या पट्ट्याच्या टोकाला धुऱ्याजवळ काहीतरी हललं. पडद्यावर राखी रंगाचा, बुटका, पाठ वाकलेला आकार. त्याला मान दिसेना. आकार जमिनीला नाक लावून पुढं सरकत होता. पुतण्या कुजबुजला, "डुक्कर हाय, मोठा हाय." मलाही तसंच वाटलं. आम्ही दोघंही श्वास धरून होतो. मग त्या आकारातून एक बारीक लाल ठिपका पेटला, विझला, पुन्हा पेटला. बिडी होती ती. शेजारच्या वावरातले आजोबा घोंगडी पांघरून उकिडवे बसत बसत पाण्याचा पाइप चाचपत येत होते. दुर्बिणीचा पडदा तीन इंचांचा, त्यावर माणूस आणि डुक्कर सारखेच दिसले. पुतण्याचे हात बराच वेळ थरथरत होते.

बंदूक सोबत असती तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मरण ओढवल्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आहे. पण मला त्या रात्री कलम आठवलं नाही, आजोबांची नातवंडं आठवली.

पायरी ७ : वस्तू आधीच घरात आली असेल तर

घाबरून विहिरीत टाकू नका आणि कुणाला विकूही नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर "कमी किमतीत देणे आहे" टाकलं की तुम्ही विक्रेते झालात. बंदुकीपासून वेगळ्या खोलीत, कुलपात ठेवा. बिल, पार्सलचं वेष्टण, पैसे दिल्याची नोंद एका पाकिटात घाला. मग पायरी ४ मधला अर्ज द्या आणि त्यात 'खरेदी केलेले साधन शस्त्रापासून वेगळे ठेवलेले आहे' हे स्पष्ट लिहा. विक्रेत्याकडं परतावा मागायचा असेल तर तोही लेखी मागा. आम्ही तसंच केलं. पैसे अजून आलेले नाहीत, पण भाऊंचा परवाना शाबूत आहे.

पायरी ८ : रात्री वनरक्षक किंवा पोलीस आले तर

पळायचं नाही, दिवा लावायचा, बंदूक असेल तर नळी जमिनीकडं करून खाली ठेवायची आणि मोकळी आहे ते दाखवायचं. मूळ परवाना नेहमी सोबत ठेवा. भाऊंचा आता प्लास्टिकच्या पाकिटात असतो. जप्ती झाली तर पंचनाम्याची प्रत मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे पोलिसांनी झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं असतं, त्याची आठवण नम्रपणे करून द्या. एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वन्यजीव गुन्ह्यात सहायक वनसंरक्षक वा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानं आरोपीसमक्ष नोंदवलेली साक्ष कोर्टात चालते. म्हणून "सही करा, लगेच सोडतो" असं म्हटलं तरी न वाचता सही करू नका. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. अटक झाली तर २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर नेलंच पाहिजे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं, त्यांचा फोन १५१००.

पायरी ९ : पीक वाचवायच्या बाकीच्या वाटा

दुर्बिणीचा नाद सोडून आम्ही झटका मशीन घेतली. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर दचकून मागं फिरतं. तारेत सरळ खांबावरची वीज सोडणं मात्र खुनासारखंच आहे. विदर्भात अशा तारांनी वाघही मेलेत आणि शेतकरीही. शिवाय आकडा टाकणं म्हणजे विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३५ खाली वीजचोरी. जंगलालगतच्या गावांत डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला अनुदान मिळतं. आपलं गाव यादीत आहे का ते वनपालाला विचारा, आणि ग्रामसभेत ठराव घ्या.

नुकसान झालं की त्याच सकाळी फोटो काढा. पायाचे ठसे दिसतील असे, आणि मागं ओळखीचं झाड किंवा विहीर येईल असे. अर्ज वनखात्याकडं त्याच दिवशी द्या, उद्यावर टाकू नका. पंचनामा वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक मिळून करतात. तिघं एकत्र येत नाहीत ही खरी अडचण असते, म्हणून तिघांनाही स्वतः फोन करा आणि पंचनामा होईपर्यंत उकरलेल्या जागेवर पाळी घालू नका. वनखात्याची मदत-वाहिनी १९२६ आहे. तिथं तक्रार नोंदवली की तिची तारीख आणि वेळ एका वहीत लिहून ठेवा. आमच्या घरी ती वही आता परवान्याच्या वहीशेजारीच, त्याच कापडात गुंडाळून ठेवलेली असते.